बुडित भाताची कुळकथा

भात हें पाण्यांत वाढणारें पीक आहे, ही गोष्ट शहरांतील मुलांनाहि क्रमिक पुस्तकांवरून ठाऊक असते. त्यामुळें पुरानें भाताचें पीक बुडून मेलें, अशी बातमी वर्तमानपत्रांत वाचली म्हणजे मनांत प्रथम एक शंका उभी राहते. ज्या रोपाचे पाय जन्मभर चिखलांत असतात, तें पाण्यानें कसें मरेल? मासा बुडाला असें कोणी सांगावें, त्यांतलाच हा प्रकार वाटतो. परंतु बंगालच्या उपसागराच्या कांठीं, महानदी, ब्राह्मणी, वैतरणी आणि सुवर्णरेखा या नद्यांच्या मुखांजवळ ओडिशांत जे शेतकरी राहतात, त्यांना ही शंका कधींच येत नाहीं. त्यांनीं ती घटना डोळ्यांनीं पाहिलेली असते.

लावणी होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. रोपें नुकतीं कोठें मूळ धरून हिरवीं होत असतात. तोंच वरच्या प्रदेशांत पडलेल्या पावसाचें पाणी एका रात्रींत खालीं उतरतें. सकाळीं पाहावें तों बांध नाहींत, खाचरें नाहींत. नजर पोहोंचेल तेथवर गढूळ पाणी. हें पाणी कधीं चार दिवसांत ओसरतें, कधीं पंधरा दिवस हालत नाहीं. चार दिवसांत ओसरलें तर पीक वांचतें. दहा दिवस राहिलें तर पाण्याबरोबर वर्षाचें धान्यहि गेलें असें समजावें. दक्षिण व आग्नेय आशियांत पावसावर पिकणाऱ्या सखल भातजमिनींपैकीं दीड कोटी हेक्टर किंवा त्याहून अधिक जमिनीवर ही आपत्ति वारंवार येते.

आतां शंकेचें उत्तर. भाताची मुळें चिखलांत राहूं शकतात तीं हवेवांचून नव्हे, तर हवेसह. रोपाच्या पानांपासून देठांतून थेट मुळांपर्यंत पोकळ नळ्यांचें जाळें असतें, आणि पाण्यावर राहिलेलीं पानें त्या वाटेनें मुळांना हवा पुरवितात. म्हणजे शेंड्याचें पान हें भाताचें नाक होय. पाय बुडले तर चिंता नाहीं; नाक बुडलें कीं संकट ओढवलें. वायु हवेंतून जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारें दहा हजारांश वेगानें पाण्यांतून पसरतो. शिवाय गढूळ पाण्यांतून ऊन पानांपर्यंत पोहोंचत नाहीं, म्हणून अन्न तयार करण्याचें कामहि थांबतें.

अशा वेळीं सामान्य भाताचें रोप जें करतें तें अगदीं माणसासारखें आहे. बुडणारा मनुष्य हातपाय झाडतो. तसें हें रोप वर येण्यासाठीं धडपडतें. रोपाच्या अंगांत इथिलीन नांवाचा वायु नेहमींच थोडाथोडा तयार होत असतो. एरवीं तो हवेंत निघून जातो; पाण्याखालीं मात्र तो आंतच कोंडतो. तो साठला म्हणजे रोपाला बुडाल्याची वर्दी मिळते, वाढीचीं संप्रेरकें जागीं होतात, आणि पानें व कांडें झपाट्यानें लांबूं लागतात. या लांबण्यासाठीं सांठविलेली साखर व पिष्ट खर्चीं पडतें. पाणी उथळ असेल तर शेंडा वर निघतो आणि रोप जगतें. परंतु पूर खोल असला तर शिल्लक संपते, शेंडा वर निघत नाहींच. आणि अखेर पाणी ओसरतें तेव्हां तीं लांबट, पिवळीं, हाडें नसल्यासारखीं रोपें चिखलावर आडवीं पडतात व कुजतात. म्हणजे रोप पाण्यानें मरत नाहीं म्हटलें तरी चालेल. तें स्वतःच्या धडपडीनें मरतें.

याच ओडिशांत धलपुटिया नांवाचें एक जुनें भात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या लावीत आले होते. त्याचा दाणा भरड, उत्पन्न बेताचें, रोप उंच व लोळणारें. बाजारांत त्याला मान असण्याचें कांहीं कारण नव्हतें. पण दोन आठवडे पाण्याखालीं राहून, पाणी ओसरल्यावर पुन्हां पालवी फुटावी, हा गुण त्याच्या अंगीं होता, आणि ज्यांचीं शेतें दरसाल बुडत त्यांना तेवढ्या एका गुणाची किंमत समजत होती. १९५० च्या आगेमागे कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांनीं या धलपुटियांतून एक शुद्ध ओळ निवडून काढली आणि तिला एफ. आर. १३ ए असें नांव दिलें. पहिलीं दोन अक्षरें पुराशीं टक्कर देणारा या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आहेत. पुढें हें बियाणें देशोदेशींच्या संशोधकांकडे गेलें. आज पुराला तोंड देणाऱ्या भातावर जगांत जे निबंध लिहिले जातात, त्यांपैकीं बहुतेकांत कोठें ना कोठें या एफ. आर. १३ ए चें नांव येतें. ज्यांनीं हा गुण शेकडों वर्षें बियाण्याच्या कणगींत जपून ठेवला, त्यांचीं नांवें मात्र एकाहि निबंधावर नाहींत.

गुण सांपडला, तो चांगल्या भातांत आणणें एवढेंच काम उरलें, असें कोणासहि वाटेल. पण तेथेंच खरी अडचण होती. दोन वाणांचा संकर केला म्हणजे संततींत दोघांचे गुण निम्मेनिम्मे येतात. एफ. आर. १३ ए शीं संकर करावा तर पुराचा गुण येतो हें खरें, पण त्याच्याबरोबर भरड दाणा येतो, उंच लोळणारा देठ येतो, कमी उत्पन्न येतें. आमंत्रण एकाला द्यावें आणि पंगतीला सारा गांव यावा, तशी अवस्था होते. फिलिपाइन्समध्यें लॉस बानोस येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत डेव्हिड मॅकिल व त्यांचे सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत असे संकर चिकाटीनें केले. त्यांतून ठेंगण्या, बऱ्या उत्पन्नाच्या व पूर सोसणाऱ्या कांहीं ओळी मिळाल्याहि. परंतु त्या शेतांतून रुजल्या नाहींत. शेतकऱ्याला केवळ न मरणारें भात नको असतें. त्याला आपल्या जमिनीचें, आपल्या चुलीचें आणि आपल्या व्यापाऱ्याला पसंत पडणारें भात हवें असतें.

त्या वेळीं पूर्व हिंदुस्थानांत असें एक भात होतें. त्याचें नांव स्वर्णा. आंध्र प्रदेशांत पश्चिम गोदावरी जिल्ह्यांतील मारुटेरू येथील संशोधन केंद्रांत वसिष्ठ आणि महसुरी या दोन वाणांच्या संकरांतून तें निघालें, आणि १९८० नंतर ओडिशा, बंगाल, बिहार, छत्तीसगड, पूर्व उत्तर प्रदेश असें पसरत पसरत बांगलादेश व नेपाळपर्यंत गेलें. पिकाला सुमारें पांच महिने लागतात, पण खत बेताचें घालूनहि उत्पन्न भरघोस येतें. टरफलाचा रंग सोनेरी, म्हणून नांवहि साजेसें. स्वर्णाचा दोष एकच. पाण्याखालीं आठवडाभर राहिलें कीं तें मरे. लाखों हेक्टरांवर पसरलेलें हें पीक नेमकें पुराच्या प्रदेशांत होतें. तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, स्वर्णाचें सारें स्वर्णापण कायम ठेवून त्यांत धलपुटियाचा तेवढा एकच गुण घालतां येईल काय?

येथें जनुकसंचाचें शास्त्र, ज्याला जीनोमिक्स म्हणतात, तें कामास आलें. या शब्दानें दबून जाण्याचें कारण नाहीं. भाताच्या प्रत्येक पेशींत बारा गुणसूत्रांच्या जोड्या असतात. त्यांची कल्पना बारा अध्यायांची एक पोथी म्हणून करावी. ही पोथी केवळ चार अक्षरांत लिहिलेली आहे, आणि त्या चार रासायनिक अक्षरांच्या ओळीलाच डीएनए म्हणतात. भाताच्या पोथींत अशीं सुमारें ३८ कोटी ९० लक्ष अक्षरें आहेत. त्यांतील अर्थपूर्ण परिच्छेद म्हणजे जनुकें. देठ किती उंच व्हावा, दाणा किती लांब व्हावा, संकटांत काय करावें, याच्या आज्ञा त्यांत असतात. साऱ्या पोथीला मिळून जनुकसंच म्हणावयाचें. पूर्वींचा पैदासकार ही पोथी न उघडतां, तिच्या वरून दिसणाऱ्या परिणामांवरून निवड करीत असे. आणि तो फार कुशल असे, हें विसरतां कामा नये. नव्या शास्त्रानें त्याला पोथी उघडून वाचण्याची सोय करून दिली.

प्रथम शोधावयाचें होतें तें हें कीं, पुराचा गुण बारांपैकीं कोणत्या अध्यायांत आहे. त्यासाठीं पूर सोसणाऱ्या व न सोसणाऱ्या वाणांचा संकर करून त्यांची संतति मोठ्या संख्येनें वाढविली, ती बुडवून पाहिली, आणि जीं रोपें वांचलीं त्यांच्या पोथींतील कोणता भाग सर्वत्र धलपुटियाकडून आलेला आहे, तें ताडून पाहिलें. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें केनाँग झू आणि मॅकिल यांनीं १९९६ सालीं जाहीर केलें कीं, हा गुण नवव्या गुणसूत्रावरील एका छोट्या भागांत आहे, आणि बुडून जगण्यांतील फरकाचा सुमारें ७० टक्के हिस्सा त्या एकाच ठिकाणाशीं बांधलेला आहे. त्या ठिकाणाला त्यांनीं सब-१ असें नांव दिलें. निसर्गांत इतका मोठा गुण इतक्या लहान जागेंत सांपडणें ही क्वचित् घडणारी गोष्ट आहे.

पुढें २००५ सालीं भाताचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. जपानच्या पुढाकारानें दहा देशांनीं अध्याय वांटून घेतले होते. अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचें वाचन हिंदुस्थानानें, दिल्लींतील संशोधकांनीं केलें. आतां नवव्या अध्यायांतील ती जागा उघडावी आणि जनुक वाचावें, इतकें काम सोपें झालें असें वाटलें असेल. पण त्या पोथींत तें पान नव्हतेंच. वाचनासाठीं निवडलेला वाण होता निप्पोनबारे, हा जपानी जातीचा भात. त्याच्या नवव्या गुणसूत्रावर त्या जागीं दोन जनुकें आहेत, तिसरें नाहीं. आणि पुराचें सारें रहस्य त्या तिसऱ्यांत होतें. पृथ्वीवरील भाताचें अक्षर न्‌ अक्षर वाचलें असें जग म्हणत असतां, ओडिशाच्या शेतकऱ्याला हवी असलेली ओळ त्या ग्रंथांत आढळूं नये, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. एका गांवची बखर वाचून साऱ्या देशाचा इतिहास कळला असें समजणाऱ्यांचें पुष्कळदां असेंच होतें.

झू, मॅकिल, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि त्यांचे सहकारी यांनीं मग पूर सोसणाऱ्या वाणांतूनच तो भाग स्वतंत्रपणें वाचून काढला, आणि २००६ च्या ऑगस्टमध्यें तिसऱ्या जनुकाचा शोध प्रसिद्ध केला. त्याचें नांव सब-१-ए. कांहीं भातांत हें जनुक मुळींच नसतें. कांहींत असतें, पण त्याच्या बिघडलेल्या पाठाच्या रूपानें. आणि या पाठांत व पूर सोसणाऱ्या पाठांत जो प्रमुख फरक आढळला, त्यानें प्रथिनांतील एक ॲमिनो आम्ल बदलतें. अनुस्वार चुकल्यानें अर्थ फिरावा, तसाच हा प्रकार.

सब-१-ए काय करतें तें ऐकण्यासारखें आहे. तें रोपाला बळ देत नाहीं. तें त्याला आवरतें. पाण्याखालीं इथिलीन सांठूं लागला कीं हें जनुक जागें होतें आणि वाढीच्या संप्रेरकाची आज्ञा रोपापर्यंत पोहोंचूं देत नाहीं. रोप लांबत नाहीं, धडपडत नाहीं, शिल्लक खर्च करीत नाहीं. श्वास रोखून बसल्यासारखें तें निपचित राहतें. दहा दिवस, चौदा दिवस असें काढल्यावर पाणी ओसरलें, म्हणजे राखून ठेवलेल्या पिष्टावर तें नवी पालवी फोडतें.

आतां हें पान स्वर्णाच्या पोथींत बसवावयाचें होतें. रीत जुनीच, प्रतिसंकराची. स्वर्णाचा पूर सोसणाऱ्या ओळीशीं संकर करावयाचा. त्या संततीचा पुन्हां स्वर्णाशीं संकर. तिच्या संततीचा पुन्हां स्वर्णाशीं. प्रत्येक वेळीं परकें रक्त सरासरीनें निम्म्यानें कमी होतें. हिशेब शाळेंतील मुलालाहि येईल: अर्धें, पाव, अष्टमांश, षोडशांश. पण ही सरासरी झाली. एका पिढींतील शेंकडों भावंडांपैकीं कोणाच्या अंगांत परकें रक्त अधिक, कोणाच्या कमी. आणि वरून पाहून तें समजत नाहीं. म्हणूनच जुन्या पद्धतीनें सहा-सहा, सात-सात पिढ्या प्रतिसंकर करावे लागत आणि दर पिढीला रोपें बुडवून पाहावीं लागत. नव्या पद्धतींत कोंवळ्या रोपाच्या पानाचा एक बारीक तुकडा घेतात, त्यांतून डीएनए काढतात, आणि पोथींतील ठराविक ठिकाणच्या खुणा तपासतात. रोप वितीएवढें असतांनाच त्याची संपूर्ण वंशावळ हातीं येते. फुलावर येण्यापूर्वींच कोणतें ठेवावें आणि कोणतें उपटावें तें ठरवितां येतें.

लॉस बानोस येथें झालेल्या या कामांत पहिल्या प्रतिसंकराचीं सुमारें सातशें रोपें तपासलीं गेलीं. पहिली चाळणी सब-१ आहे कीं नाहीं याची; तींत निम्मीं गळालीं. दुसरी चाळणी फार नाजूक होती. जनुकें एकाच गुणसूत्रावर शेजारींशेजारीं असलीं म्हणजे सहसा एकत्रच पुढच्या पिढींत जातात. तेव्हां सब-१ च्या अगदीं लगतच पोथीचा धागा तुटून पुढचा भाग स्वर्णाचा जोडला गेला आहे, अशीं रोपें हुडकावयाचीं होतीं. अशीं फारच थोडीं भेटलीं. तिसरी चाळणी उरलेल्या अकरा गुणसूत्रांची: त्यांत स्वर्णाचा अंश ज्यांत सर्वांत अधिक तीं निवडावयाचीं. असें करीत दुसऱ्या प्रतिसंकराच्या संततींतच असें एक रोप मिळालें कीं, नवव्या गुणसूत्राचें एक टोंक सोडलें तर तपासलेल्या प्रत्येक ठिकाणीं तें शुद्ध स्वर्णा होतें. तिसऱ्या प्रतिसंकरानें तें टोंकहि आणखी आखूड झालें. साऱ्या कामाला दोन ते तीन वर्षें लागलीं. हा वृत्तांत चिर्रावुरी नीरजा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केला.

तरी एक बिनबोलावलेला पाहुणा आलाच. टरफलाच्या रंगाचें एक जनुक सब-१ च्या अगदीं शेजारीं आहे, आणि धागा नेमका त्या दोहोंच्या मधें तुटला नाहीं. त्यामुळें नव्या भाताचें टरफल सोनेरी न राहतां साध्या पेंढ्याच्या रंगाचें झालें. आंतला तांदूळ तोच, उत्पन्न तेंच. केवळ ज्या रंगावरून नांव पडलें तो रंग मात्र गेला. पैदासकारांना या उणिवेचा उपयोगच झाला, कारण नवें बी कोणतें आणि जुनें कोणतें हें मुठींत घेतल्याबरोबर ओळखूं येऊं लागलें. नांव स्वर्णा-सब-१ असें पडलें, आणि २००९ सालीं हिंदुस्थानांत हा वाण अधिकृतपणें प्रसारित झाला. बांगलादेशानें पुढच्याच वर्षीं तो आपल्या नांवानें स्वीकारला. सांबा महसुरी, आय. आर. ६४, बी. आर. ११ या लोकप्रिय भातांतहि तेंच पान याच रीतीनें बसविलें गेलें.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे, कारण शहरांतील घरोघरीं त्याची चर्चा होते. जनुक हा शब्द कानीं पडतांच हें अन्न प्रयोगशाळेंत बनविलेलें, परक्या प्राण्याचें वा जंतूचें जनुक घुसविलेलें, अशी समजूत होते. स्वर्णा-सब-१ तसें नाहीं. तें एका भाताच्या फुलावर दुसऱ्या भाताचा पराग घालूनच झालें आहे. परक्या जनुकांच्या पिकांविषयीं कोणाचें मत काय असावें हा निराळा वाद आहे. त्या वादांत या भाताला ओढणें न्यायाचें नाहीं.

शास्त्रज्ञांच्या हौदांत जगलेलें भात शेतांत जगतें काय, याची परीक्षा ओडिशांतच झाली. भद्रक आणि बालेश्वर जिल्ह्यांतील १२८ गांवें घेऊन, त्यांपैकीं कांहींत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शेतकऱ्यांना नवें बियाणें देण्यांत आलें व उरलेलीं तुलनेसाठीं ठेवलीं. २०१३ सालीं मंझूर दार, अलें द झांव्री, काइल एमेरिक प्रभृतींनीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा कीं, शेत दहा दिवस पाण्याखालीं राहिलें तर स्वर्णापेक्षां स्वर्णा-सब-१ चें उत्पन्न सुमारें ४५ टक्के अधिक येतें. आणि पूर आलाच नाहीं तर उत्पन्नांत तूट येत नाहीं. दुसरें वाक्य पहिल्याहून महत्त्वाचें आहे. शेतकऱ्याला पुराच्या भयाचा विमा मिळतो, आणि त्याचा हप्ता भरावा लागत नाहीं.

त्याच पाहणींत आणखी एक गोष्ट उघड झाली. सखल, वारंवार बुडणाऱ्या जमिनी अधिक करून दलित व मागासलेल्या जातींच्या शेतकऱ्यांच्या वांट्याला आलेल्या आहेत. उंचवट्यावरची कोरडी जमीन कोणाकडे आणि खड्ड्यांतली कोणाकडे, याचा निवाडा त्या गांवांत फार पूर्वींच होऊन गेलेला आहे. त्यामुळें या बियाण्याचा लाभ ज्यांना सर्वांत अधिक झाला, ते गांवांतील सर्वांत दुबळे शेतकरी होते. शेतीच्या सुधारणा बहुधा मोठ्या जमीनदाराच्या दारीं प्रथम येतात व तेथेंच रमतात. ही त्या वाटेनें गेली नाहीं. पुढें २०१६ सालीं त्याच मंडळींनीं दाखविलें कीं, ज्यांच्याकडे हें बियाणें होतें ते शेतकरी पूर न आलेल्या वर्षींहि खत अधिक घालूं लागले, लावणी नीट करूं लागले, कर्ज घेण्यास धजूं लागले. पीक बुडणारच असें ज्याला वाटतें, तो त्यांत पैसा घालीत नाहीं. हें समजण्यास कोणत्याहि शास्त्राची गरज नाहीं, परंतु तें मोजून दाखविण्यास होती.

या भाताला मर्यादा आहेत. दोन आठवड्यांहून अधिक दिवस पूर्ण बुडालें तर तेंहि मरतें. महिनोन्‌महिने कमरेएवढें वा पुरुषभर पाणी सांचून राहतें अशा प्रदेशांत तर सब-१ चा आवरण्याचा गुण निरुपयोगी, किंबहुना घातकच ठरतो. तेथें नेमका उलटा स्वभाव लागतो. बांगलादेश व थायलंड येथील खोल पाण्याचें भात पाणी चढेल तसें दिवसाला वीतभर वाढतें. या वाढीचीं दोन जनुकें जपानी संशोधकांनीं २००९ सालीं बाराव्या गुणसूत्रावर शोधून काढलीं व त्यांना पाणबुड्यांच्या श्वासनळीवरून स्नॉर्कल असें नांव दिलें. गंमत अशी कीं, हीं जनुकें आणि सब-१-ए एकाच कुळांतलीं आहेत. एकाच कुळांतील एक सांगतो, ऊठ आणि पळ. दुसरा सांगतो, गप्प बस. दोघेहि आपापल्या नदीकांठीं बरोबर आहेत.

शिवाय सब-१ सारखे एका जागीं एकवटलेले गुण विरळाच. उत्पन्न, दुष्काळ सोसण्याची शक्ति, दाण्याची गोडी, हे गुण शेंकडों जनुकांच्या बारीकबारीक हिश्श्यांनीं बनतात. तेथें एक पान उचलून दुसऱ्या पोथींत घालणें चालत नाहीं. अशा ठिकाणीं पैदासकार साऱ्या पोथीभर हजारों खुणा तपासून प्रत्येकीला थोडेथोडे गुण देतात, आणि त्यांच्या बेरजेवरून न पिकलेल्या रोपाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधतात. ही रीत प्रथम गुरांच्या पैदाशीसाठीं सुचविली गेली, आणि मग पिकांत आली. ती उपयुक्त आहे; पण ज्या रोपांच्या नातलगांचीं उत्पन्नें शेतांत प्रत्यक्ष मोजून ठेवलेलीं नाहींत त्यांच्याविषयीं तिचा अंदाज भरंवशाचा नसतो.

निप्पोनबारेच्या पोथींत पान नसल्याचा धडा संशोधक विसरले नाहींत. ८९ देशांतून जमविलेल्या तीन हजार भातांचे जनुकसंच वाचून २०१४ सालीं तो सारा संग्रह सर्वांसाठीं खुला करण्यांत आला. २०१८ सालीं त्यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हां निप्पोनबारेंत नसलेलीं दहा हजारांहून अधिक जनुकें त्यांत आढळलीं. हे वाण लॉस बानोस आणि चीन येथील बीजकोशांतले. लॉस बानोसच्या कोशांत एक लक्ष तीस हजारांहून अधिक भातांचें बी शून्याखालीं वीस अंशांवर ठेवलेलें आहे. धलपुटियाचें कुळहि त्यांत आहे. शेतांत मात्र हीं जुनीं भातें आतां फारशीं दिसत नाहींत, आणि स्वर्णा-सब-१ सारखें यशस्वी भात जेथें जातें तेथें त्यांची जागा आणखी लवकर जाते. आपल्या उपकारकर्त्यालाच घराबाहेर काढावें, असें कांहीसें येथें घडतें. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं, त्याला यंदाचें पीक पाहावयाचें असतें.

त्या दहा हजार जनुकांपैकीं कोणतें काय काम करतें, हें पोथी वाचून समजत नाहीं. त्यासाठीं लॉस बानोस येथें खोल हौद बांधलेले आहेत. दोन आठवड्यांचीं रोपें त्यांत लावतात, शेंडा बुडेपर्यंत पाणी सोडतात, आणि चौदा दिवस वाट पाहतात. मग पाणी काढून टाकतात, आणखी दोन-तीन आठवडे थांबतात, आणि कितींना नवी पालवी फुटली तें हातानें मोजतात.